ती टकटक माझी नव्हती

मित्रांनो, जरा मागे सरकून उभे राहा. माझ्या कडा धारदार आहेत. मी एक जुने डिझेल इंजिन आहे. तुम्हाला माझे पोट आतून पाहता यावे म्हणून मला मधोमध कापून या चौकटीवर बसवले आहे. पाण्याची वाट निळी रंगवली आहे, तेलाची वाट पिवळी. हा दांडा फिरवला की माझे चारही दट्टे वरखाली होतात. त्यांची नावे तुमचे सर सांगतीलच. पण तिसऱ्या दट्ट्याखाली तो जळका डाग आहे ना, त्याची गोष्ट सरांना माहीत नाही. ती मला सांगू द्या.

माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला. वितळलेले लोखंड ओतले, थंड झाले, वाळू झटकली, आणि मी होते. त्या दिवशी माझ्यासारखी चाळीस इंजिने ओतली गेली. सुरुवातीची सात वर्षे मी पावाच्या कारखान्याची बंदिस्त गाडी ओढली. पहाटे गरम पाव भरायचे आणि दहाच्या आत गावभर पोचवायचे. ते दिवस सुखाचे होते. मुले माझा आवाज ओळखून दार उघडायची.

मग कारखान्याने नव्या गाड्या घेतल्या आणि मला मामांनी विकत घेतले. ते कोणाचे मामा होते, ते मला शेवटपर्यंत कळले नाही. सगळे गाव त्यांना मामा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मामी. मामांनी गाडीतले पावांचे कप्पे काढले, तळाला दोन रूळ ठोकले, बाहेरून करडा रंग दिला आणि तिची शववाहिका केली. गावात तशी दुसरी गाडी नव्हती. मागे ॲल्युमिनियमची लांब पेटी असायची. पेटीशेजारी एक बाक, घरच्या माणसाला बसायला. उन्हाळ्यात पत्रा तापला की आत अजूनही पावाचा वास यायचा. रडणारी माणसे मधेच थांबून एकमेकांकडे बघायची. मग पुन्हा रडायला लागायची.

मामा कमी बोलत. गाडी मात्र अशी चालवत की पेटीवर ठेवलेला पाण्याचा पेला सांडू नये. कधी कोणी पैसे विसरले तर ते विसरूनच जात. दर रविवारी ते माझे तेल पाहत, तेल मोजायची पट्टी पुसत, पुन्हा पाहत. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षे काढली. त्या वर्षांत माझे कोणी कौतुक केले नाही, पण शववाहिकेचे कौतुक करायला कोणाला सुचणार?

बाराव्या वर्षी माझे दुखणे सुरू झाले. तिसऱ्या दट्ट्याचा दांडा जिथे खालच्या दांड्याला जोडलेला असतो, तिथले बेअरिंग झिजले. तिथे केसाएवढी फट पडली. फट पडली की दांडा प्रत्येक फेरीला आपटतो. टक्. टक्. टक्. गाडी सावकाश चालली की जास्त ऐकू येते. आणि शववाहिका सावकाशच चालते.

एका दुपारी आम्ही एका घड्याळजीला घरी नेत होतो. त्याची बायको मागे बाकावर बसली होती. अर्ध्या वाटेत तिने मधल्या खिडकीच्या काचेवर हात आपटला. मामांनी गाडी बाजूला घेतली.

ती म्हणाली, "पेटी उघडा. हे आतून वाजवताहेत."

मामांनी तिला समजावले, की इंजिन जुने आहे, त्याचा आवाज येतो. तिला पटावे म्हणून त्यांनी किल्ली फिरवून मला बंद केले. टकटक थांबली.

तिने पेटीच्या झाकणावर हात ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही गाडी बंद केलीत, म्हणून ते थांबले. त्यांना वाटलं, आपण ऐकलं."

मामांना पेटी उघडावी लागली. घड्याळजी जसा ठेवला होता तसाच होता. तिने त्याच्या बोटांवरून बोटे फिरवली, झाकण स्वतःच लावले आणि मामांची माफी मागितली. पुढचा सगळा रस्ता ती त्या टकटकीबरोबर मान हलवत होती. मामा आरशातून बघत होते.

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. माझ्या गाडीला लोक टकटक गाडी म्हणू लागले. पोरे पत्र्याला कान लावून पळून जायची. ज्यांच्या घरी मी जायचे तिथली माणसे मामांना हळूच विचारायची, की आमचा माणूस नीट शांत राहील ना? मामांना जेवण जाईना. अखेर ते मला मिस्त्रींकडे घेऊन गेले.

या मिस्त्रींना सगळे कानवाले मिस्त्री म्हणत. ते लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या अंगावर टेकवायचे आणि मूठ आपल्या कानाच्या हाडाला. मग डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतात तसे त्यांनी मला चार ठिकाणी तपासले. तिसऱ्या जागी ते थांबले. बेअरिंग गेले आहे, इंजिन खाली उतरवून खोलावे लागेल, पंधरा दिवस गाडी उभी राहील, असे त्यांनी सांगितले.

"माणसं पंधरा दिवस मरायची थांबतील का?" मामांनी विचारले.

मिस्त्री हसले नाहीत. मामांनी खिशातून इंजिनाच्या औषधाच्या एका बाटलीचा जाहिरातीचा कागद काढला. गाड्यांच्या पार्टच्या दुकानात मिळते, तेलात टाकायची, आवाज बंद होतो म्हणे. हिचा खरेच उपयोग होतो का, असे त्यांनी विचारले.

मिस्त्रींनी हात पुसले आणि नीट बसून समजावले. चांगल्या तेलात जे घालायचे असते ते तेल बनवणाऱ्याने मोजूनमापून आधीच घातलेले असते. वरून आपण काही ओतले की ते माप बिघडू शकते. एखादे औषध थोडीफार काजळी सोडवतही असेल, तसे नाहीच असे मिस्त्री म्हणत नव्हते. पण झिजलेले लोखंड कोणतीही बाटली परत आणून देत नाही. आवाज मात्र ती बंद करते, कारण ती दाट असते. फटीत जाऊन बसते.

"दुखणं जात नाही, मामा. कण्हणं जातं," मिस्त्री म्हणाले. "कण्हणाऱ्या माणसाच्या तोंडावर उशी ठेवल्यासारखं आहे ते."

मामा परत निघाले तेव्हा त्यांनी मिस्त्रींचेच ऐकायचे ठरवले होते. पण त्याच संध्याकाळी गावात एक शिक्षक वारले, त्यांच्या मुलीने फोनवर विचारले की तुमची गाडी ती टकटक गाडीच का, आणि मामा पार्टच्या दुकानापाशी थांबले.

दुकानदार माणूस वाईट नव्हता. तो स्वतःच्या स्कूटरमध्येही तेच औषध घालायचा. त्याच्या काउंटरवर काचेची दोन खोकी होती. दोन्हींत प्लॅस्टिकची दातेरी चाके आणि एकेक मूठ. एकात साधे तेल, दुसऱ्यात औषध घातलेले. मूठ फिरवली की साधे तेल खालीच राहायचे आणि औषधाचे तेल मधासारखे ओघळत, तारा काढत वरच्या चाकापर्यंत चढायचे. मामांनी ती मूठ पुन्हा पुन्हा फिरवली. बघायला ते फार छान दिसते. पण मित्रांनो, त्या खोक्यात आग नसते, काजळी नसते, आणि मिनिटाला दोन हजार फेरे नसतात.

त्यांनी बाटली माझ्यात रिकामी केली.

खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले. काहीतरी ऊबदार माझ्या सगळ्या वाटांतून उतरले आणि त्या फटीत जाऊन बसले. दांडा आपटायचा, पण गादीवर. मी ओरडायचे, पण ते माझ्याच पोटात राहायचे. मामांनी गाडी गावभर फिरवून आणली. टकटक नव्हती. त्यांनी माझ्या बोनेटवर थाप मारली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

शिक्षकांची मुलगी म्हणाली, किती शांत आहे हो गाडी. लोक टकटक गाडी हे नाव विसरत चालले. मामा जेवू लागले. तीन आठवड्यांनी आवाज जरासा परत आला, तेव्हा दुसरी बाटली आली. मग तिसरी लवकर आली. मग बाटली सीटखालीच राहू लागली.

आतले मात्र कोणी बघत नव्हते. माझ्या काजळीत ते औषध मिसळून त्याचा चिकट लगदा होत होता. सकाळी चालू केल्यावर तेल वर चढायला वेळ लावायचे आणि तेवढा वेळ माझे लोखंड लोखंडावर घासायचे. तेलाचा लाल दिवा मधूनच लुकलुकायचा. मामांनी दुकानदाराला विचारले. तेल दाट झाले की असे होतेच, तो म्हणाला. मला आतून जाणवत होते, की आपल्याला काहीतरी होते आहे आणि आपण ते सांगू शकत नाही. असे तीन महिने गेले.

त्या दिवशी धुके होते. धरणापलीकडच्या लहान दवाखान्यातून एका म्हाताऱ्या शिंपिणीला तिच्या घरी न्यायचे होते. दोन दिवसांच्या तापानंतर ती पहाटे गेली होती. डॉक्टर दोन रात्रींचे जागे होते. त्यांनी मनगट धरले, छातीवर नळी टेकवली, आणि सही केली. मुलगा पुढे मामांजवळ बसला, मांडीवर कागद घेऊन. सून मागे बाकावर. सकाळचे साडेदहा झाले असतील.

धरणाच्या भिंतीवरून जाणारा रस्ता लांब आणि सरळ आहे. दोन्ही बाजूंना फक्त पांढरे दिसत होते. पाणी कुठे संपते आणि धुके कुठे सुरू होते ते कळत नव्हते. समोरून एकही गाडी येत नव्हती.

टक्.

मामांचे खांदे आखडले. थोड्या वेळाने पुन्हा. टक्. टक्.

मुलाने विचारले, हे काय वाजते आहे? मामांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "इंजिन आहे. जुनं दुखणं. परवाच औषध घातलंय," ते म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सुनेनेही मधल्या खिडकीतून विचारले. मुलाने मान वळवून तिला सांगितले, इंजिन आहे गं.

मित्रांनो, ती टकटक माझी नव्हती.

इंजिनाला कान नसतात. पण गाडीच्या सांगाड्यातून सगळे माझ्यापर्यंत पोचते. माझी टकटक माझ्या फेऱ्यांबरोबर चालते. मी वेगात गेले की तीही वेगात जाते. ही तशी नव्हती. दोनदा वाजायची, थांबायची. मग एकदा. मग इतका वेळ काहीच नाही की मला वाटायचे, संपले. आणि पुन्हा एकदा, आधीपेक्षा हळू. ती मागच्या रुळांमधून येत होती.

कानवाले मिस्त्री गाडीत असते, तर त्यांनी एका क्षणात ओळखले असते. पण मामांनी तीन महिने तो आवाज ऐकायचा नाही असे ठरवून टाकले होते. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, म्हणजे माझ्या घरघरीत टकटक बुडून जावी. आणि ती बुडाली. मी जितके जोरात धावत होते, तितके मागचे ऐकू येईनासे होत होते. मला थांबता येत नव्हते. इंजिनाला स्वतःहून थांबता येत नाही.

पुढे जे झाले ते मी मुद्दाम केले असे सांगायला मला आवडले असते. पण मी ते केले नाही. तळाशी तेल शोषणारी एक जाळी असते. ती लगद्याने बुजत आली होती. त्या वेगात तेल कमी पडले. तिसरे बेअरिंग कोरडे पडले, तापले, वितळले आणि दांड्याला चिकटले. माझ्यातून एकच किंचाळी निघाली आणि मी जागच्या जागी अडकले. गाडी थोडी घसरली आणि धरणाच्या मधोमध उभी राहिली. तो डाग तेव्हाचा.

मामांनी किल्ली फिरवली. काही झाले नाही. पुन्हा फिरवली. मग हात मांडीवर ठेवले. खाली पाणी भिंतीला लागल्याचा बारीक आवाज येत होता. बाकी काही नव्हते.

टक्.

पुढे कोणीच हलले नाही.

टक्. टक्.

मागून सुनेचा आवाज आला. तो अगदी सपाट होता. "आता इंजिन बंद आहे."

मामा उतरले. मागचे दार उघडले. पण पेटीच्या खटक्यापाशी त्यांचे हात थांबले. त्यांना घड्याळजीची बायको आठवली असावी. सुनेने त्यांचे हात बाजूला केले आणि स्वतःच खटके उघडले.

म्हातारीचे डोळे उघडे होते. तिच्या बोटात अंगुस्तान होते. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ती धातूची टोपी. आयुष्यभर तिने ते घातले, म्हणून सुनेने सकाळी ते तिच्या बोटात सरकवले होते. झाकणाच्या रबराचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला होता. मामी महिनाभर मामांना तो बदला म्हणून सांगत होत्या. तेवढ्या फटीतून तिला हवा मिळाली होती.

तिने आधी सुनेकडे बघितले, मग मुलाकडे. तिचा आवाज कागद फाटल्यासारखा होता.

"कधीची वाजवतेय," ती म्हणाली. "ऐकू येत नव्हतं का?"

मुलाला खोटे बोलता आले नाही. "येत होतं, आई," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, इंजिन आहे."

धुक्यातून दुधाचा टँकर आला. त्याच्या चालकाने काही न विचारता म्हातारीला आपल्या शेजारी बसवले, सुनेला आणि मुलालाही दाटीवाटीने घेतले आणि मोठ्या दवाखान्यात पोचवले. ती त्यानंतर चार वर्षे जगली. लोकांच्या विजारी आखूड करून द्यायची. खोलीचे दार मात्र तिने पुन्हा कधी लावून घेतले नाही.

मला ओढत मिस्त्रींकडे नेले. त्यांनी माझा तळ उघडला, तेव्हा तेल वाहिलेच नाही. ते खरवस कापावा तसे थरथरत पडले. मिस्त्रींनी जाळी काढून मामांच्या हातावर ठेवली. रागावले नाहीत. मामाच विचारत होते.

"बाटली घातली नसती, तर गाडी तिथं बंद पडली असती का?"

"नसती पडली."

"मग ती बाई..." मामांनी जाळी उलटी करून पाहिली. "म्हणजे या बाटलीनंच तिला वाचवलं म्हणायचं का?"

मिस्त्री उठून त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "मामा, बेअरिंग वेळेवर बदललं असतं तर तुमचं इंजिन गप्प असतं. खरोखर गप्प. मग पहिलं टक् वाजलं तेव्हाच तुम्ही गाडी थांबवली असती. तुम्हाला माहीत असतं, की हे इंजिन नाही."

मामांनी ती जाळी फडक्यात गुंडाळून खिशात ठेवली. इकडे दुकानदाराने मात्र गावभर सांगितले, की आमच्या औषधाने माणूस जिवंत केला. त्या आठवड्यात त्याच्या बाटल्या संपल्या. लोक कशावरही विश्वास ठेवतात असे मी म्हणणार नाही. आवाज बंद होतो यावर मात्र ठेवतात.

माझे खालचे लोखंड तडकले होते. गाडीत दुसरे इंजिन बसवले आणि मला या शाळेत दिले. कापताना दुखले नाही. इथे मी नऊ वर्षे आहे. तुमच्यासारखी मुले येतात, दांडा फिरवतात, जातात.

मामा वर्षातून एखाद्या वेळी येतात. दुपारी, तुम्ही डबे खायला बाहेर गेलात की. ते आता थकले आहेत. गाडी अजून चालवतात. असे ऐकते, की निघण्याआधी ते इंजिन बंद ठेवतात, पेटीवर कान टेकतात आणि पाच मिनिटे तसेच राहतात. घरची माणसे उभी असतात. कोणी हसत नाही. आजवर त्यांना काही ऐकू आलेले नाही.

इथे आले की ते या स्टुलावर बसतात. माझ्या तिसऱ्या दट्ट्याकडे बघतात. आणि प्रत्येक वेळी एकच विचारतात, इतक्या हळू की शेजारच्या खोलीतही जाऊ नये.

"त्याआधी कधी झालं होतं का रे? मी इंजिन समजून गेलो, असं?"

मित्रांनो, मला ते माहीत आहे. जगात ते मला एकट्यालाच माहीत आहे. बारा वर्षे त्या पेटीतले सगळे सांगाड्यातून माझ्यापर्यंत येत होते. नाही, मामा. कधीच नाही. बाकी सगळ्या वेळा मीच होते. घड्याळजीच्या वेळीही मीच होते. एवढे सांगितले तर ते रात्री झोपतील. पण मला आता चालू करता येत नाही. माझे पोट उघडे आहे, वाटा रंगवलेल्या आहेत, आणि आवाज नाही. ते थोडा वेळ थांबतात. मग उठून, टोपी घालून जातात.

म्हणून तुम्हाला एवढेच मागणे आहे. उद्या तुमच्या हाताखाली एखादे इंजिन येईल, ते कुरकुरेल. घरातले एखादे म्हातारे माणूस कुरकुरेल. त्याला गप्प करायचे काहीतरी कुठल्यातरी दुकानात नक्की मिळेल, आणि ते चालेलही. पण ते ओतण्याआधी जवळ जा, कान लावा, आणि त्याला काय झाले आहे ते विचारा. त्याला आवाज आहे तोवर विचारा.